ग्रामीण विदर्भात स्पीच थेरपी : नव्या विद्यार्थ्यांना आधी काय शिकवावं?

वाणी_वर्धा :

नमस्कार मंडळी. मी स्पीच थेरपिस्ट आहे. वर्धा-यवतमाळ पट्ट्यात काम करते आणि बीएएसएलपीच्या, म्हणजे श्रवण-वाचा विषयाच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी माझ्याकडे इंटर्नशिपला येतात. नवी तुकडी लवकरच येतेय, म्हणून हा धागा. इथे पालक आहेत, शिक्षक आहेत, अंगणवाडीतल्या ताई आहेत. या पोरांना सुरुवातीला काय शिकवावं याबद्दल तुमचं मत हवंय. आधी माझं सांगते.

गावाकडच्या लेकरावर खरा उपचार थेरपिस्ट करत नाही, त्याची माय करते. नाहीतर आजी. आठवड्यातून एकदा, कधी पंधरवड्यातून एकदा, दोन एसट्या बदलून पाऊण तासासाठी येणाऱ्या लेकराला आम्ही एकटे किती बोलतं करणार? बाकीचा सगळा वेळ ते घरी असतं, वावरात असतं, गोठ्यात असतं. तिथे त्याच्याशी कोण बोलतं, कोणत्या बोलीत बोलतं, त्याच्या उत्तरासाठी थांबतं का, यावर सगळं अवलंबून. म्हणून विद्यार्थ्याने आधी घरचं बोलणं ऐकायला शिकावं असं मला वाटतं. चित्रांची कार्डं नंतर.

उदाहरण देते. वऱ्हाडी घरातलं पाच वर्षांचं पोर डोळ्याला "डोया" म्हणतं, शाळेला "शाया", पाण्याला "पानी". शहरातून आलेला विद्यार्थी उच्चार-चाचणीच्या कागदावर "ळ चुकला, ण चुकला" लिहितो आणि ळ साठी जीभ मागे वळवायचे व्यायाम सुरू करतो. अरे बाबा, त्याची माय "डोया" म्हणते, आजोबा म्हणतात, अख्खं गाव म्हणतं. हा त्या बोलीचा नियम आहे, उच्चारदोष नाही. पण तेच पोर काकाला "ताता" आणि गायीला "दाय" म्हणत असेल तर ते बघायलाच हवं. वऱ्हाडीतही क हा क आणि ग हा गच असतो. म्हणून माझ्याकडे लेकराच्या चाचणीआधी मायशी गप्पा मारायच्या. पेरणीच्या, पाहुण्यांच्या, कशाच्याही. त्या गप्पांत तिचे उच्चार टिपून घ्यायचे. लेकराची तुलना त्या उच्चारांशी करायची, पुस्तकातल्या मराठीशी नाही.

दुसरं, ऐकण्याचं. "पोट्टं बोलत नाई, पन ऐकू येते त्याले. ताट वाजवलं की वयून पाह्यते." हे आम्ही रोज ऐकतो आणि ते पालक खरंच सांगत असतात. ताटाचा आवाज मोठा असतो, तो पुष्कळ श्रवणदोष असलेल्या मुलांनाही येतो. पण "स", "श", "त" हे आवाज हलके आणि वरच्या पट्टीचे. ते निसटले की बोलणं तुटक पोचतं. शिवाय लेकरू मागच्या सावलीने किंवा जमिनीच्या थरथरीनेही वळतं. त्यामुळे बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी आधी. ओएई, म्हणजे कानात बारीक आवाज सोडून कानाचा प्रतिसाद मोजणं. गरज असेल तर बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघणं. त्याआधी थेरपी सुरू केलेली मला चालत नाही.

आता तुम्ही सांगा.

अंगणवाडी_अंजनगाव :

ताई, चांगला विषय काढला. आमच्याकडे वजन-उंचीची नोंद चोख असते, पण "बोलते का" हा प्रश्न मागे पडतो. माय म्हणते याचा बाप पण उशिराच बोलला होता. आजी म्हणते जीभ जड आहे, वेखंड उगाळून मधातून चाटवा. कोणी म्हणतं जिभेखालचा पडदा कापून आणा. यात पोर चार वर्षांचं होऊन जातं. आम्ही नेमकं कधी पाठवायचं ते एकदा साध्या भाषेत लिहा ना. आणि पाठवायचं कुठे?

वाणी_वर्धा :

ताई, तुमच्या नजरेला आधी पडतं म्हणून हे महत्त्वाचं. साधारण वर्षाच्या आसपास पहिला अर्थाचा शब्द यायला हवा. दोन वर्षांच्या सुमारास "माय ये", "दूध दे" असे दोन शब्द जोडून बोलणं यायला हवं. दोन वर्षं होऊनही हे नसेल तर वाट पाहू नका. नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, आधी बोलत होतं आणि बोलणं गेलं असेल, तर वय कितीही असो, लगेच पाठवा.

कुठे, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांना ते लेकरू आवर्जून दाखवा. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर या चारही गोष्टी त्यांनी बघायच्या असतात, आणि बोलण्यातला उशीर चौथ्या गटात येतो. पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, पाठवतात. तिथे ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आणि स्पीच थेरपिस्टचं पद असतं.

जिभेचा पडदा काही थोड्या मुलांना खरंच आखूड असतो. त्याने दूध ओढायला त्रास होऊ शकतो, एखादा उच्चार अडू शकतो. पण पडद्यामुळे लेकरू मुकं राहत नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. आजीशी वाद घालू नका, तिला कामाला लावा. तिच्याइतकी गाणी आणि गोष्टी त्या घरात कोणाला येतात?

पऱ्हाटी :

नमस्कार मॅडम. मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. मुलगी बारावी सायन्सला आहे. मेडिकलला नंबर लागला नाही तर नर्सिंग की फार्मसी एवढाच विचार चालला होता. हे क्षेत्र आजच कळलं. यात शिकायला काय लागतं, नोकरी लागते का? पोरगी मराठी मीडियमची आहे, इंग्रजीला घाबरते.

वाणी_वर्धा :

दादा, बारावी सायन्सनंतर बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा या दोन्ही विषयांची पदवी. इंटर्नशिप धरून चार वर्षं. पुढे मास्टर्स दोन वर्षांचं. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था 1965 ची, या क्षेत्रातली देशातली मोठी संस्था. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, 1983 ची. नायर रुग्णालयातला अभ्यासक्रमही जुना आणि नावाजलेला. पुण्यात भारती विद्यापीठात आहे. कुठेही प्रवेश घ्या, पण त्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का ते आधी बघा. 1992 च्या कायद्याप्रमाणे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय हे काम करता येत नाही. सहा महिन्यांचा कोर्स करून "स्पीच थेरपिस्ट" पाटी लावणारे भेटतात. त्या वाटेला पोरीला जाऊ देऊ नका.

नोकऱ्या आहेत. मेडिकल कॉलेजचा कान-नाक-घसा विभाग, डीईआयसी, विशेष शाळा, कॉक्लिअर इम्प्लांट केंद्रं, खासगी क्लिनिक. श्रवणयंत्रांच्या कंपन्याही घेतात. सुरुवातीचा पगार फार नसतो आणि सरकारी पदं बरीचशी कंत्राटी, हे मी लपवणार नाही. पण कामाला माणूस कमी आणि लेकरं जास्त अशी परिस्थिती आहे, विशेषतः आपल्याकडे.

इंग्रजीचं म्हणाल तर पहिलं वर्ष जड जातं, नंतर जमतं. पण माझ्याकडे येणाऱ्यांत मायबापांशी पहिल्याच दिवशी सूर जुळतो तो दारव्हा-दिग्रसच्या पोरींचाच. "कुटार", "बंडी", "ढेप" हे शब्द त्यांना शिकवावे लागत नाहीत. तुमच्या मुलीकडे हे आयतं आहे, तिला ते सांगा.

इंटर्न_पुण्याची :

मॅडम, मी पुण्याची आहे आणि सध्या विदर्भात इंटर्नशिप करतेय (तुमच्याकडे नाही). मला भाषेपेक्षा सुपरव्हायझरची भीती जास्त वाटते. काचेच्या पलीकडून कोणी बघतंय म्हटलं की मुलाकडे लक्षच राहत नाही, प्लॅनमधल्या सगळ्या ॲक्टिव्हिटी संपवायची घाई होते. नंतर फीडबॅकमध्ये दहा चुका ऐकायच्या आणि पुढच्या केसला जायचं. तुम्ही कसं शिकवता?

वाणी_वर्धा :

तू विचारलंस ते बरं झालं. यावर मला सविस्तर लिहायचंच होतं.

आमच्या क्षेत्रात जीन अँडरसन यांची एक मांडणी आहे. विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांचं नातं एका जागी थांबत नाही, ते सरकत जातं. सुरुवातीला मार्गदर्शक जास्त सांगतो, करून दाखवतो. मग दोघं मिळून ठरवतात. शेवटी विद्यार्थी स्वतःचं काम स्वतः तपासतो, मार्गदर्शक फक्त सल्ल्याला. अडचण अशी की पुष्कळ ठिकाणी पहिलाच टप्पा वर्षभर चालतो. वर्षभर चुका ऐकलेला इंटर्न दुसऱ्या दिवशी नोंदणीकृत थेरपिस्ट म्हणून एखाद्या तालुक्याच्या गावी एकटा बसतो. तिथे त्याला चुका सांगायला कोण असणार? स्वतःचं स्वतः बघायची सवय इथेच लागायला हवी.

म्हणून सत्र संपलं की मी आधी बोलत नाही. विद्यार्थ्याला विचारते, काय झालं ते सांग. "चांगलं झालं" किंवा "नीट नाही झालं" हे उत्तर घेत नाही. लेकराने काय केलं, तू काय केलंस, एवढंच. "मी बॉल दाखवला, त्याने माझ्याकडे पाहिलं, मी लगेच विचारलं हे काय आहे, त्याने मान फिरवली." एवढं सांगता आलं की पुढचं मला सांगावं लागत नाही. विद्यार्थी स्वतःच म्हणतो, मी थांबायला हवं होतं.

थांबणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट. नव्या विद्यार्थ्याला शांतता सहन होत नाही. "हे काय आहे? सांग. काय आहे? बॉल! म्हण बॉल!" लेकराच्या वाट्याला नुसत्या परीक्षा. त्याऐवजी बॉल हातात धरायचा, लेकराकडे बघायचं, मनात पाचपर्यंत मोजायचं. त्याने नुसतं "ब" केलं, हात पुढे केला, तरी "बॉल! घे बॉल!" म्हणून द्यायचा. मायसुद्धा घरी हेच करू शकते, भाकर वाढताना, अंघोळ घालताना. वेगळा वेळ काढायला नको. हे मायला समजावून सांगून भागत नाही, तिच्याकडून तिथेच करून घ्यायचं असतं. माझ्याकडे सत्राची शेवटची पंधरा मिनिटं मायची. विद्यार्थी मागे बसतो, माय खेळवते. तिला जमलं नाही तर सत्र पूर्ण झालं असं मी धरत नाही, लेकरू आमच्याशी कितीही छान बोललेलं असो.

आणखी एक. "तुम्ही याच्याशी बोलत नाही का?" हा प्रश्न माझ्या खोलीत कोणी विचारायचा नाही. त्या बाईला सासरी आधीच ऐकून घ्यावं लागलेलं असतं की तुझ्यामुळे पोर असं झालं. ऑटिझम असो, श्रवणदोष असो, तो मायच्या बोलण्या-न बोलण्याने झालेला नसतो. हे तिला विद्यार्थ्याने पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत सांगायचं, शक्यतो सासू सोबत असताना.

मेळघाट_वाट :

मी धारणी भागात शाळेवर आहे. इथे घरची बोली कोरकू. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या पालकांना शहरातल्या एका क्लिनिकमध्ये सांगितलं की घरी कोरकू बंद करा, फक्त मराठी बोला, दोन भाषांमुळे गोंधळतोय. त्या मायला मराठी बाजारापुरतं येतं. ती आता पोराशी बोलतच नाही जवळजवळ. हे बरोबर आहे का?

वाणी_वर्धा :

अजिबात नाही, सर. हे वाचून जीव तुटला. दोन भाषा ऐकल्याने भाषेचा दोष निर्माण होत नाही. ज्याला दोष आहे त्याच्या तो दोन्ही भाषांत दिसतो, आणि हीच निदानाची खूण आहे. मायला तोडकंमोडकं मराठी बोलायला लावलं की लेकराला मिळणारी भाषा आटते. तिला सांगा, कोरकू बोल, भरपूर बोल, गाणी म्हण. माझं नाव सांगून सांगितलं तरी चालेल.

कोरकू मराठीच्या कुळातलीही नाही, ती मुंडा गटातली भाषा. गडचिरोलीकडची गोंडी द्राविड कुळातली. मराठीतली चाचणी घेऊन कोरकू मुलाच्या भाषेबद्दल काही ठरवताच येत नाही. अशा वेळी मी विद्यार्थ्यांना सांगते की गुण लिहू नका. गावातल्या कोरकू बोलणाऱ्या ताईला सोबत घ्या आणि तिला विचारा, याच्याच वयाची इतर पोरं असं बोलतात का? तिचं उत्तर कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त खरं असतं.

मोर्णाकाठ :

लहान मुलांचाच विषय आहे का? माझ्या वडिलांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. स्वतःचं नाव सांगता येत नाही, पाणी मागता येत नाही. पण संध्याकाळी आरतीला "गण गण गणात बोते" स्पष्ट म्हणतात! घरातल्यांना वाटतं मुद्दाम बोलत नाहीत, हट्ट करतात. आईची चिडचिड होते. आणि जेवताना ठसका फार लागतो.

वाणी_वर्धा :

दादा, मुद्दाम नाही हो. घरात सगळ्यांना हे वाचून दाखवा.

बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. तिथे इजा झाली की उजवं अंग जातं आणि सोबत बोलणंही जाऊ शकतं. त्याला अफेझिया म्हणतात. पण वर्षानुवर्षं घोकून पाठ झालेलं, मंत्र, आरती, एक ते दहा आकडे, वारांची नावं, शिवीसुद्धा, हे नवं वाक्य जुळवण्यापेक्षा वेगळ्या वाटेने येतं. ते टिकून राहतं. "पाणी दे" हे दर वेळी नव्याने जुळवावं लागतं, ते अडतं. म्हणून मंत्र येतो आणि पाणी मागता येत नाही. यात हट्ट कुठेच नाही. उलट थेरपीची सुरुवात बऱ्याचदा याच शाबूत भागापासून करतात. तोवर घरी एका वेळी एकच प्रश्न, तोही हो-नाहीचा. "चहा हवा?" म्हणून कप दाखवा, उत्तराला वेळ द्या. मोठ्याने बोलू नका, त्यांना ऐकू येतं.

ठसक्याचं मात्र आजच मनावर घ्या. गिळण्याची तपासणी आणि उपचार हेही स्पीच थेरपिस्टचंच काम, हे फार जणांना माहीत नसतं. अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. तपासणी होईपर्यंत एवढं करा: पडल्या-पडल्या काही भरवू नका, ताठ बसवा, छोटे घास द्या, जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा. कोरडी भाकर नको, तिचा चुरा तोंडभर पसरतो. दूध-भाकर सोपी वाटते, पण पातळ दूध आणि घट्ट तुकडे एकाच घासात सांभाळणं उलट अवघड. कुस्करून एकजीव केली तर गोष्ट वेगळी. साधं पाणीच अनेकांना सगळ्यात जास्त ठसका लावतं. कोणता घट्टपणा तुमच्या वडिलांना चालेल ते बघूनच सांगता येईल. जगभर त्यासाठी शून्य ते सात अशी पातळ्यांची मोजपट्टी वापरतात. मी विद्यार्थ्यांना ती आपल्या ताटातल्या पदार्थांवर लावायला सांगते: ताक कुठे, कढी कुठे, पिठलं कुठे, मऊ खिचडी कुठे. चमचा कलता करून पदार्थ कसा पडतो ते बघायचं. इथल्या बाईला "लेव्हल फोर" सांगून काय उपयोग? "चमच्यात गोळा राहील असं गुळगुळीत पिठलं" म्हटलं की तिला लगेच कळतं.

अडखळता_आवाज :

मी तोतरा बोलतो. लहानपणी शाळेत हजेरीला "हजर" म्हणता यायचं नाही. आता स्पर्धा परीक्षा देतोय, तोंडी परीक्षेची धास्ती आहे. तुमच्या विद्यार्थ्यांना एकच सांगा. आमचं वाक्य आम्हाला पूर्ण करू द्या. मदत म्हणून आमचा शब्द तुम्ही बोलून टाकता, तेव्हा सगळ्यात वाईट वाटतं.

वाणी_वर्धा :

सांगेन, तुमच्याच शब्दांत. या वयातही थेरपीने फरक पडतो. अडखळणं पूर्ण जाईलच असं वचन कोणी देत असेल तर जाऊ नका. पण अडकल्यावर ताण कसा सोडायचा, भीतीने शब्द टाळणं कसं कमी करायचं हे शिकता येतं. परीक्षेच्या तोंडावर नको, आतापासून सुरू करा. लहान मुलांत मात्र लवकर आलेलं फार चांगलं. सहा वर्षांच्या आतल्यांसाठी ऑस्ट्रेलियात लिडकंब नावाची पद्धत तयार झाली, तिच्यात उपचार घरी आई-वडीलच करतात, थेरपिस्ट त्यांना शिकवतो.

ठाणेकर :

एवढी एसटीची धावपळ करण्यापेक्षा व्हिडिओ कॉलवर थेरपी का देत नाही?

वाणी_वर्धा :

देतो. कापूस वेचणी सुरू झाली की मायला मजुरी बुडवून येता येत नाही, तेव्हा फोनच कामी येतो. पण पहिली तपासणी समोरच हवी. आणि फोन बहुतेक घरात बापाच्या खिशात असतो, तो वावरातून आला की रात्री. त्यामुळे मी कॉलपेक्षा छोटा व्हिडिओ मागवते. माय लेकराला जेवू घालतानाचा, दोन मिनिटांचा. विद्यार्थी तो बघतो आणि एकच गोष्ट सुचवतो. एकच, कारण पाच सांगितल्या तर एकही होत नाही.

झाडीचा_माणूस :

आमच्या भंडारा-गोंदियाकडे खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाऊन तोंड न उघडणारी तरणी पोरं दिसतात. तेही तुमच्याकडेच येतात का?

वाणी_वर्धा :

हो, आणि वाढतायत. सुपारीने गालाच्या आतला भाग कडक होत जातो, तोंडात आपलीच तीन बोटं उभी जात नाहीत. पुढे कर्करोगाचं ऑपरेशन झालं, जीभ किंवा जबडा काढला, तर बोलणं आणि गिळणं दोन्ही नव्याने शिकवावं लागतं. तीन बोटांची ही चाचणी माझे विद्यार्थी ओपीडीत लेकरासोबत आलेल्या बापाचीही घेतात, विचारून. न उघडणारं तोंड सापडलं की दंतवैद्यांकडे पाठवतो. आणि हो, तुमच्याकडे ळ चा र होतो ना, "डोरा"? माझ्या विद्यार्थ्यांसाठी झाडीबोलीतल्या अशा शब्दांची यादी करून देता का?

झाडीचा_माणूस :

देतो की. आमच्या शाळेतल्या बाई जाणकार आहेत, त्यांना घेऊन बसतो.

इंटर्न_पुण्याची :

मॅडम, कार्डांचं काय करायचं? आमच्या संचात स्ट्रॉबेरी, इग्लू, मेट्रो आहे. मुलं गप्प बसतात आणि आम्ही "शब्दसंग्रह कमी" लिहितो.

वाणी_वर्धा :

संच बाजूला ठेव. मोबाईलवर फोटो काढ: सीताफळ, तुरीची शेंग, बंडी, डवरा, टोपलं, पोळ्याचा लाकडी बैल. तेच लेकरू बोलतं का बघ, मग लिही. त्याहून बरं म्हणजे मायला सांग, पिशवीतून घरच्याच चार वस्तू घेऊन ये.

एवढं वाचून मी ठरवलंय की या तुकडीचा पहिला आठवडा क्लिनिकमध्ये घालवायचाच नाही. अंगणवाडी_अंजनगाव ताई, तुमच्या वरिष्ठांची परवानगी मिळाली तर दोन विद्यार्थी तुमच्याकडे नुसते बसायला पाठवू का? चाचण्या घेणार नाहीत, शिकवणार नाहीत. पोरं आपापसांत कसं बोलतात ते ऐकतील आणि लिहून घेतील.

अंगणवाडी_अंजनगाव :

पाठवा ना ताई. परवानगीचं मी पर्यवेक्षिका मॅडमशी बोलते. फक्त सोयाबीन काढणी लागायच्या आत पाठवा, नंतर मायबाप पोरांना वावरात घेऊन जातात आणि अर्धी अंगणवाडी रिकामी असते. सकाळी पोरं यायच्या आधीच पोचायला सांगा. आणि ते "कधी पाठवायचं" वालं तुम्ही लिहिलं ना, ते मोठ्या अक्षरांत एका पानावर करून द्या, भिंतीला लावते.